आमची टोळी लेणी बघायला गेली

दगडकाम चालतं तिथे कपच्यांचा ढीग कुणी मुद्दाम घालत नाही. जो तो आपापला दगड घडवत असतो, आणि संध्याकाळी बघावं तर गुडघ्याएवढा ढीग! किस्स्यांचंही तसंच होतं. मी एकोणीसशे तिशीच्या सालांत चार-पाच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गवंड्यांच्या टोळीत हजेरी लिहायला होतो. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, झालेला टोळीत मी एकटाच, म्हणून सगळे मला ‘मास्तर’ म्हणत. त्या वर्षांतले इतके किस्से माझ्याकडे साचलेत, की घरी पाहुणा आला की बायको चहाचं आधण दोनदा ठेवते. एक निघाला की दुसरा निघणारच, हे तिला पाठ झालंय.

पण त्यातही एका दिवसाचा ढीग मी वेगळा ठेवलाय. त्या दिवशी आमची अख्खी टोळी लॉरीत बसून लेणी बघायला गेली होती. जन्मभर दगड फोडून पोट भरणारी माणसं सुट्टीच्या दिवशी काय बघायला गेली, तर दगड!

झालं होतं असं. मंडणगडाच्या वाटेवर आम्ही एका पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, पूल बांधत होतो. टोळीचे मुख्य तात्या मिस्त्री, वय साठीच्या अलीकडे. त्यांनी बांधलेल्या कमानीखालचा लाकडी सांगाडा काढला आणि तिसऱ्या दिवशी कमानीला बोटभर तडा गेला. कुणाला लागलं नाही. साहेब आले, वर बघितलं आणि "उतरवा" म्हणाले. तात्यांनी ती कमान स्वतःच्या हातांनी उतरवली, एकेक दगड रांगेत लावून ठेवला आणि पऱ्ह्यात हात धुतले. म्हणाले, "हात गेला माजा. आता कुनाच्या डोक्यावर दगड ठेवनार नाय." दगड घडवायच्या आपल्या सगळ्या टाक्या त्यांनी आमच्या गणपा लोहाराच्या पुढ्यात टाकल्या. "यांचे कोयते कर!"

त्यांचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. तात्या त्याच्याकडे निघाले, कायमचे. मी विचारलं, "तात्या, तिथे करणार काय तुम्ही?"

"चाळीच्या पायऱ्या मोजीन."

तात्या गेले की कंत्राटदार दुसरी टोळी आणणार आणि आमच्या टोळीच्या बारा वाटा होणार, हे सगळ्यांना कळत होतं. पण खरं सांगतो, मला त्याहून जास्त वाईट वाटत होतं ते तात्यांचं. दगडाला नुसती टिचकी मारून त्याच्या पोटातलं सांगणारा माणूस चाळीच्या गॅलरीत बसून राहणार, हे मनात आणवत नव्हतं.

अमावस्येला आमच्यात हत्याराला हात लावत नाहीत. त्या सुट्टीला लॉरीने तात्यांना हर्णैच्या फाट्यावर सोडायचं, तिथून ते बंदरावर जाणार आणि दुसऱ्या दिवशीची आगबोट धरणार, असं ठरलं. जाता जाता त्यांनी एकच मागणं मागितलं. "माज्या आज्यानं डोंगरातली लेणी बघितलेली. मी दगडात जन्म काढला नि तेवडी ऱ्हायली. ती दाखवा, मंग सोडा मला."

लेण्यांच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही उद्या फराळाचे डबे घेऊन तिथे पोचाल आणि गावच्या गुरवाचं डोकं खाल!

* * *

लॉरीचे ड्रायव्हर इब्राहिमचाचा. बाणकोटच्या बाजूचे. वीस वर्षं आगबोटीच्या भट्टीत कोळसा घालून, कुठली कुठली बंदरं बघून परत आलेले. लॉरी सुरू करताना ते अजून "फुल अहेड!" ओरडत आणि मागे घेताना "अस्टर्न!" म्हणत. लॉरीलाही ते कळत असावं, कारण दुसऱ्या कुणाच्या हाताला ती सुरूच होत नसे.

सकाळी चाचांनी सगळ्यांना लॉरीत चढायला सांगितलं. चढले, पण बसेनात! तात्या खाली उभे राहून बघत होते आणि त्यांना ते बसणं पटत नव्हतं.

"रे, सांद्यावर सांदा आला! मागच्यानं पुढच्या दोगांच्या मदी ऱ्हा. तू जाडा हायस, तू आडवा बस, दोनी बाजू धर. हां. आता त्या कोपऱ्यात दोन मोटे घाला."

सांध्यावर सांधा आला की भिंत फुटते, हे आमच्या टोळीत लहानपणापासून अंगात भिनलेलं. त्यामुळे कुणाला यात काही वावगं वाटेना. सगळे निमूट उठत होते, सरकत होते, पुन्हा बसत होते. अर्धा तास झाला तेव्हा चाचा खाली उतरले.

"तात्या, अरे मानसं भरतंस का भिंत बांदतंस?"

"तुज्या ह्या रस्त्यावर मानसं टिकायची नायत. भिंत टिकंल!"

सगळे बसले आणि सोनूबाई खालीच राहिली. सोनूबाई आमच्या चुन्याच्या घाणीवरची मुख्य. चुना मळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्यासाठी जागाच उरली नव्हती. तात्यांनी भिंतीकडे, म्हणजे माणसांकडे, नीट बघितलं आणि एका फटीकडे बोट दाखवलं. "सोनू, तू चिप."

दोन दगडांमधली फट बुजवायला जी बारकी कपची ठोकतात, ती चिप. सोनूबाईने कासोटा आवळला, त्या फटीत अंग घातलं आणि म्हणाली, "चिप काडली तर भिंत पडते, येवडं ध्येनात ठेवा सगल्यांनी!"

आणि खोटं नाही सांगत, पुढच्या सगळ्या खाचखळग्यांतून एक माणूस जागचा हलला नाही.

* * *

घाट चढून लॉरी सड्यावर आली. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, मैलभर नुसता जांभ्याचा कातळ. झाड नाही, सावली नाही, वाळलेलं गवत आणि पार टोकाला समुद्राची एक रेघ. तिथे रेडिएटरने वाफ सोडली. चाचा म्हणाले, "बॉयलर थंड होऊ दे," आणि आम्ही उतरलो.

गणपा लोहार लांब चालत गेला होता. तो तिथून हातवारे करायला लागला. आम्ही धावलो, साप वगैरे निघाला असेल म्हणून. बघतो तर कातळावर एक मासा कोरलेला! माणूस आडवा झोपेल एवढा. सोनूबाईने पदराने धूळ झाडली तसा पुढे एक वाघासारखं जनावर निघालं, आणि त्याच्या पुढे पाय फाकवून उभा असलेला एक माणूस. त्याला डोकं होतं, पण तोंड नव्हतं.

"हे कुनी केलं?" कुणीतरी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मास्तर असून मी गप्प बसलो, ते टोळीत पहिल्यांदाच घडलं.

गणपाने खाली बसून त्या रेघेतून बोट फिरवलं. मग दुसऱ्यांदा फिरवलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "ह्याला लोखंड लागलेलं नाय."

"म्हंजे?"

"टाकीची कड साफ येते. ही सगली चेचलेली हाय. दगडानं दगड टोचलाय."

तात्यांनी वाकून बघितलं आणि मान हलवली. गणपाचं बरोबर होतं. आम्ही बारा माणसं त्या उन्हात तशीच उभी राहिलो. लोखंड नव्हतं तेव्हाचा कुणी माणूस इथे, याच तापलेल्या कातळावर ओणवा बसला होता आणि मासा काढत होता.

गणपाची मात्र वेगळीच पंचाईत झाली होती. देवाने आधी लोहार घडवला आणि मग लोहाराने देवाला बाकीच्या जगासाठी हत्यारं करून दिली, असं तो पहिल्या दिवसापासून आम्हांला सांगत आलेला. तात्या त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गणपा, तुज्याबिगर बी जग चालत व्हतं रे!"

लॉरी सुरू झाली, सडा मागे पडला, काजूची झाडं लागली, तेव्हा गणपा म्हणाला,

"चालत व्हतं. पन किती हळू!"

* * *

पुढे खाडी आडवी आली. दोन होड्या जोडून त्यांवर फळ्या टाकलेल्या, त्याला ‘तर’ म्हणतात. त्या तरीवर लॉरी चढवायची आणि चार माणसांनी वल्ही मारत पलीकडे न्यायची. खाडी भरतीची, दोन्ही काठांना खारफुटी, पाण्यावर बगळे. एवढी मोठी लॉरी पाण्यावर जराशी डुलत निघाली तेव्हा मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

चाचा मात्र चाकाला लाकडाचा अडसर लावून, लॉरीच्या बाजूला उकिडवे बसून, डोळे गच्च मिटून काहीतरी पुटपुटत होते.

सोनूबाई म्हणाली, "चाचा, तुमी तर दर्यावरचं मानूस! ह्या डबक्याला घाबरतास?"

चाचांनी एक डोळा उघडला. "बाय, दर्यात बुडालो तर लोक सांगतील, बोट बुडाली. हितं बुडालो तर सांगतील, इब्राहिम बुडाला!"

आणि डोळा परत मिटून घेतला.

* * *

लेणी नदीच्या काठाने होती. आंब्याफणसांच्या गर्दीतून उतरलो आणि समोर काळ्या दगडाचा उभा कडा, त्यात एकापुढे एक दारं. मी तोपर्यंत टोळीला थोडंफार सांगत आलो होतो. शाळेच्या पुस्तकात होतं तेवढं. भिक्षू, पावसाळा, ध्यान वगैरे. कुणी ऐकत नव्हतं.

पहिल्या मोठ्या लेण्यात आम्ही शिरलो. आत ओळीने खांब, वर सपाट छत, भिंतीला कट्टे. गार हवा अंगावर आली. तुम्ही-आम्ही अशा ठिकाणी गेलो की मूर्ती कुठे आहे ते बघतो. आमच्या टोळीने काय बघावं? सांधा!

"सांदा कुटं हाय?" तात्यांनी पहिलं वाक्य हे उच्चारलं.

मी म्हणालो, "सांधा नाही तात्या. हा सगळा एकच दगड आहे, अख्खा डोंगर."

"मास्तर, ते पुस्तक लिवनाऱ्यानं कदी दगड उचललान काय? येवडा मोटा खांब येका दगडात व्हत नाय. चार हातावर सांदा येनारच."

झालं! बारा माणसं त्या लेण्यात पसरली. कुणी खांबावरून नख फिरवतोय, कुणी भिंतीला गाल लावून डोळा बारीक करून बघतोय, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर चढून छत चाचपतोय. गावचा गुरव वाट दाखवायला आला होता, तो दारात उभा राहून ही तऱ्हा बघत होता. त्याने पूजा करणारे बघितले होते, नवस बोलणारे बघितले होते, एकदा फोटो काढणारा गोरा साहेबही बघितला होता. भिंती कुरवाळणारी माणसं तो पहिल्यांदाच बघत होता.

तासाभराने एका कोपऱ्यातून आरोळी आली. "गावला! सांदा गावला!"

सगळे धावले. पाण्याच्या टाक्याच्या काठाला खरंच सांधा होता, चुन्याचा, अगदी सरळ. तात्यांचा चेहरा उजळला. माझ्याकडे बघून ते काही बोलणार, तेवढ्यात गुरव म्हणाला, "तो काट गेल्या साली माज्या भावानं बांदलान. ढोरं पानी प्यायला आत घुसत व्हती."

तात्यांनी हळूच डोक्याचं मुंडासं काढलं. त्यांचं बघून बाकीच्यांनीही काढलं.

मग तात्या बोलले, पण आमच्याशी नव्हे, खांबाशी बोलल्यासारखं. "आपन जोडत जातो. ह्यांनी काडत नेलं. आदी वरचं छत केलं नि मंग खाली खांब सोडले. येक टवका चुकून उडाला तर परत लावायची सोय नाय."

नंतर मी पुष्कळ देवळं बघितली, पण त्या दिवशी त्या बारा माणसांनी उघड्या डोक्याने जसं वर बघितलं, तसं कुणाला देवासमोर बघताना मी पाहिलं नाही.

* * *

गुरवाला वाटलं आता आपली पाळी. तो पुढे झाला. "ही सगली पांडवांनी केलेली. वनवासात आले, येका रात्रीत खोदली. कोंबडा आरवला तशी अर्दी टाकून गेले."

आम्ही दगडवाले लोक. ‘एका रात्रीत’ म्हटल्यावर सगळ्यांच्या भुवया वर गेल्या, पण पांडवांना कोण बोलणार? गणपा लोहार मात्र सड्यावरचा घाव अजून बाळगून होता.

"कुनी कुनी खोदली?"

"धर्म, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव," गुरवाने बोटं मोजली.

"नि टाकीला धार कोन लावत व्हता?"

गुरवाने परत बोटं मोजली.

"ह्यो काळा दगड हाय बाबा, जांबा नाय! घटकाभर मारली की टाकी बोथट. पाच जन खोदनारे म्हंजे भट्टीवर येक जन कायम पायजे. तो खंय हाय तुज्या गोष्टीत?"

गुरवाने वडिलांकडून ऐकलेली गोष्ट मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून तपासली असावी. म्हणाला, "तेवडं काय सांगितलेलं नाय."

गणपा बाहेर गेला. वाऱ्याची दिशा बघितली, पाणी कुठे आहे बघितलं, मी असतो तर भट्टी कुठे लावली असती असा विचार करत चालला आणि एका उंबराखाली जाऊन काठीने माती उकरायला लागला. थोड्या वेळाने तो ओंजळ भरून काहीतरी घेऊन आला. काळे, जड, छिद्राछिद्रांचे खडे. लोखंड तापवल्यावर भट्टीच्या तळाशी जे राहतं ते कीट! आमच्या भट्टीखाली रोज पडतं तेच. हजार वर्षं झाली असतील, जास्तही असतील, पण तो लोहार नेमका गणपाने भट्टी लावली असती तिथेच बसला होता.

गणपाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. ती ओंजळ गुरवाच्या नाकासमोर धरून म्हणाला,

"पुडच्या टायमाला सांगशील तवा सहा सांग!"

* * *

एका लहान लेण्यात भिंतीवर कुठे कुठे गिलावा राहिलेला होता, तळहाताएवढे तुकडे. त्यावर कधीकाळी रंग असावा. आम्ही पुढे गेलो तरी सोनूबाई तिथेच. परत बघायला गेलो तर भिंतीला नाक लावून उभी. खाली पडलेला गिलाव्याचा एक खपला तिने उचलला, अंगठ्याने चुरडला आणि चक्क जिभेवर ठेवला!

"सोनूबाई, अगं थुंक! किती वर्षांचं आहे ते!"

"थांबा वो मास्तर." तिने डोळे मिटले. चुना बरोबर मळला गेलाय की नाही, त्यात हिरडा पुरेसा पडलाय की नाही, ते ती रोज असंच बघायची. मग बोटावरचा चुरा तिने माझ्यासमोर धरला. त्यात बारीक, पिवळसर काहीतरी चमकत होतं.

"हे वळखलंत? भाताचं तूस! आमी घालतो तसंच. तडकू नये म्हनून."

मी बघत राहिलो. कुठल्याशा शेतात पिकलेल्या भाताचं तूस, कुठल्याशा हातांनी मळलेलं, आणि ते अजून होतं.

"हे काम बाईचं हाय," सोनूबाई म्हणाली.

"कशावरून?"

"कडेला बगा. बोटं." गिलाव्याच्या काठावर खरंच चार बारीक बोटांचे ठसे होते, दाबून चिकटवल्याचे. सोनूबाईने आपली बोटं त्यांवर ठेवली. थोडीशीच मोठी होती तिची. ती तशीच उभी राहिली, आणि माझ्याने तिला ‘चल’ म्हणवेना.

शेवटी तीच वळली, पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "हात चांगला व्हता बायचा. पन हिरडा घालायला कंटाळली!"

* * *

आता तात्यांचं.

उन्हं उतरायला लागली होती. चाचा लॉरीचा भोंगा वाजवून बोलावत होते, कारण तात्यांना अंधार पडायच्या आत फाट्यावर सोडायचं होतं. माणसं मोजली तर तात्या नाहीत. गुरव म्हणाला, "ते त्या टोकाला गेले. तिकडं बगन्यासारकं काय नाय, पांडवांनी अर्दवट टाकलेलं हाय."

मी आणि गणपा गेलो. कड्याच्या टोकाला एक दार होतं, चौकट अगदी सुबक, कडा रेखीव. आत मात्र चार-पाच हात खोदलं होतं आणि संपलं. समोर नुसती ओबडधोबड भिंत, आणि तिच्यातून छतापासून जमिनीपर्यंत तिरका जाणारा तांबूस, भुसभुशीत पट्टा. त्यातून पाणी झिरपत होतं. तात्या त्या भिंतीसमोर बसले होते. आम्ही आलो हे त्यांना कळलं, पण त्यांनी वळून बघितलं नाही.

"मास्तर, इकडं या. बॅटरी धरा."

लेण्यांसाठी चाचांची बॅटरी मी बरोबर घेतली होती, ती धरली. त्यांनी भिंतीवर बोट ठेवलं. टाकीचे घाव होते, शेकडो, ओळीने.

"हितं जोरात मारतोय. दगड चांगला लागलाय, खूश हाय." बोट पुढे सरकलं. "हितं आवाज बदलला. मारायचा थांबला. परत मारून बघितलान. हितं हळू मारतोय, बगा, घाव बारीक झाले. घाबरला." बोट त्या तांबूस पट्ट्याच्या काठाशी आलं. "आनि हितं येक शेवटचा. त्येच्या पुडं नाय."

चौकटीला किती महिने लागले असतील, कोण जाणे! आणि डोंगराच्या पोटात काय आहे ते त्याला बाहेरून दिसलं नव्हतं. तात्यांना तरी कमानीच्या दगडातलं कुठे दिसलं होतं?

"डावरा व्हता," तात्या म्हणाले. "घाव सगळे डावीकडनं पडलेत."

ते उठले, बाहेर आले आणि कड्यावरून हात फिरवत चालायला लागले, आंधळा माणूस भिंत धरून चालतो तसे. करवंदीची जाळी बाजूला केली. मागे आणखी एक दार होतं. आम्ही वाकून आत गेलो. लहानशी खोली, पण पूर्ण झालेली. चारी कोपरे गुण्यात, अगदी काटकोनी, निजायला कट्टा, आणि छताच्या मधोमध एक कमळ, पाकळीन् पाकळी सुटी. मी म्हणालो, "वा!" पण तात्या कमळ बघतच नव्हते. ते कोपऱ्यात, कट्ट्याच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी घासून गुळगुळीत करायच्या भानगडीत पडत नाही तिथे, बॅटरी धरायला सांगत होते.

घाव डावीकडून पडलेले होते.

तात्या पहिल्या दारापाशी परत गेले. तिथल्या चौकटीच्या कडेपासून त्यांनी कड्यावर आपला हात आडवा लावला, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. एक. परत लावला. दोन. असं करत ते दुसऱ्या दारापर्यंत आले.

"पाच हात," ते म्हणाले. आणि मग, मला वाटतं स्वतःशीच, "मेला नुसता पाच हात सरकला!"



* * *

परतताना खाडी ओलांडली, सडा ओलांडला. हर्णैचा फाटा आला तेव्हा सूर्य टेकला होता. चाचांनी लॉरी थांबवली, खाली उतरून मागे आले आणि फळीवर हात ठेवून उभे राहिले. तात्या फळीच्या कडेला बसले होते. उजवीकडचा रस्ता बंदराला, सरळ जाणारा आमच्या पुलाला.

"तात्या, फाटा आला." चाचा म्हणाले. "उतरतंस ना?"

तात्या बंदराच्या रस्त्याकडे बघत होते. सोनूबाईने तोंड फिरवलं. गणपा आपल्या पायाच्या बोटांकडे बघत राहिला.

"इब्राहिम," तात्या म्हणाले, "पाच हात पुडं घे."

चाचांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते जाऊन आत बसले. लॉरी गुरगुरली, पाच हात सरकली आणि थांबली.

"हितं उतरतंस?" चाचांनी खिडकीतून मान काढून विचारलं.

"आनकी पाच हात."

लॉरी सरकली. थांबली. फाटा आता मागच्या चाकांच्या मागे गेला होता.

"आता?"

"आनकी पाच."

लॉरी सरकली, थांबली.

"आनकी पाच," तात्या म्हणाले.

या वेळी चाचा थांबले नाहीत.